श्यांग मावशीने राखून ठेवलेल्या शिव्या

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी बस यिंगयानच्या पुलावर असते. एका बोगद्यातून बाहेर पडायचं, पूल ओलांडायचा आणि समोरच्या बोगद्यात शिरायचं. अकरा सेकंद लागतात. ज्या गावात मी बावीस वर्षं बस घेऊन गेलो, ज्या गावातली कुत्रीसुद्धा माझा हॉर्न ओळखायची, ते गाव मला आता अकरा सेकंद दिसतं, तेही कठड्याच्या गजांमधून. थांबायचं नाही. थांबलं की वरचा कॅमेरा फोटो काढतो, दंड होतो आणि लायसन्सचे गुण कापले जातात. हायवे आहे ना हा. हायवेवर माणसांनी चढायचं-उतरायचं नसतं, नुसतं बघून खूश व्हायचं असतं.

माझं आडनाव थान. तालुक्याच्या बसवर ड्रायव्हर आहे. मला राग लवकर येतो, हे माझी बायकोही सांगेल आणि आमचा डेपो मॅनेजरही सांगेल. पण हा राग लवकर आलेला नाही. तीन वर्षं मंद आचेवर शिजतोय. तो नीट सांगायचा तर यिंगयानच्या श्यांग मिंगचूपासून सुरुवात करायला हवी. सगळा तालुका तिला श्यांग मावशी म्हणतो.

मावशी सहासष्ट वर्षांची. चण एवढीशी, आवाज मात्र दरीच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. तिचं काम होतं मुलींना रडायला शिकवायचं. हसू नका. आमच्या तुजिया जमातीच्या लोकांत लग्न ठरलेल्या मुलीला रडता आलं नाही तर सासरी किंमत राहत नाही. लग्नाआधी पंधरा-पंधरा दिवस मुलगी रोज बसून गाऊन रडते. आईसाठी रडते, बापासाठी रडते, भावांसाठी रडते, आणि त्यानंतर येते मध्यस्थाची पाळी. ज्यानं स्थळ आणलं त्याला मुलगी सगळ्यांसमोर शिव्या घालते. गाण्यात घालते, पण शिव्याच त्या. तुझी जीभ झडो, तुझ्या चुलीत मांजर व्यायला बसो, तू सांगितलंस काय आणि निघालं काय. मध्यस्थानं मान खाली घालून निमूट ऐकायचं. कारण स्थळ जुळवताना त्यानं दहा थापा मारलेल्या असतात, आणि त्या थापांचं पाप नवरीच्या शिव्यांनीच धुतलं जातं. शिव्या खाल्ल्या की तो मोकळा. नाही मिळाल्या तर ते खोटं त्याच्याच घरात मुक्कामाला येतं, त्याच्या लेकरांच्या मागे लागतं. म्हणून आमच्याकडे शिव्या कमी पडल्या म्हणून रुसून बसलेल्या मध्यस्थ बायका मी डोळ्यांनी पाहिल्यात.

मावशीच्या स्वतःच्या लग्नातल्या शिव्या तर अजून लोकांच्या तोंडी आहेत. ती एकोणीस वर्षांची होती. मध्यस्थ बाईनं सांगितलं होतं, मुलाच्या दारातून रस्ता जातो. लग्नाआधी ही यिंगयान बघायला गेली तेव्हा सगळ्यात जवळचा रस्ता चार तासांची उतरण उतरल्यावर होता. यिंगयान म्हणजे घारीचा कडा, आणि नाव उगाच पडलेलं नाही. मग हिनं तोंडाचा पट्टा सोडला. दारात रस्ता म्हणालीस, दारात तर घारही उतरायला घाबरते. तुझे पाय वाळोत म्हणजे तुला कळेल चालणं काय असतं. ती म्हातारी मध्यस्थ बाई म्हणे इतकी खूश झाली की जाताना मावशीच्या हातात स्वतःची बांगडी घालून गेली.

नवरा मात्र चांगला निघाला. थ्येन क्वांगचाय, आमचा थ्येन काका. बोलायचा कमी, हसायचा जास्त. लग्नातल्या त्या शिव्या त्यानं पडद्याआडून ऐकल्या होत्या आणि त्या त्याच्या डोक्यात बसल्या. पुढे गावानं स्वतःचा रस्ता करायचा ठरवलं तेव्हा कड्यावरून दोरानं लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडायला सगळ्यात पहिला तो उतरला. आठ वर्षं लागली. छिन्नी, हातोडा आणि माणसं, दुसरं काही नव्हतं. काकाची डाव्या हाताची दोन बोटं त्या रस्त्यात गेली. चौसष्ट वळणांचा रस्ता. त्यावरून पहिली बस मी नेली, तेव्हा मावशीनं मला तेलात परतलेला चहा पाजला आणि बसच्या आरशाला लाल फडकं बांधलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आला बाई एकदाचा दारात रस्ता. त्या म्हातारीला दिलेल्या शिव्या आता परत घ्यायला हव्यात." काका लाजून लाल झाला होता.

हे असं गाव, हा असा रस्ता. आता ऐका त्याचं काय केलं ते.

चार वर्षांपूर्वी रस्ते खात्याचा फंग शाओवू गावात आला. हायवे यिंगयानच्या उरावरून जाणार होता. त्यासाठी चहाचे मळे हवे होते, सात थडगी हलवायची होती, आणि गावाच्या सह्या हव्या होत्या. फंग काही परका नाही. आमच्यातलाच आहे, पलीकडच्या डोंगरावरचा. त्याची आई अजून डोक्याला काळं फडकं गुंडाळते. त्यामुळे गावाला कसं पटवायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो मावशीच्या घरी गेला, कारण मावशी हो म्हणाली की गाव हो म्हणतं. हातात डुकराची आख्खी तंगडी, शेवयांची पुडकी, आणि काखेत मिटलेली छत्री. आमच्याकडे हा सगळा सरंजाम फक्त मध्यस्थ आणतो, स्थळ घेऊन येतो तेव्हा.

त्या दिवशी मीही तिथेच होतो. बस अंगणात उभी करून जेवायला बसलो होतो. धुरात टांगलेलं मांस, सोयाबीनचा भरडा, मक्याची दारू. फंगनं छत्री दाराला टेकवली आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, स्थळ घेऊन आलोय. मुलगी तुमचं गाव, आणि मुलगा हायवे."

सगळे हसले. मीही हसलो, आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो पुढे म्हणाला की गावापासून हायवेच्या टोलनाक्यापर्यंत चार किलोमीटरचा जोडरस्ता होईल, नाका, म्हणजे हायवेवर चढायची जागा, इथेच होईल, बस दारातून जाईल, तालुक्याला पाऊण तासात पोचाल. कोणीतरी म्हणालं लिहून द्या. तेव्हा मावशीच त्या माणसावर डाफरली. मध्यस्थाकडून कोणी लिहून घेतं का. त्याला लग्नात शिव्या खायच्या असतात, त्याच्या घरात लेकरं असतात, तो कसा फसवेल. फंगनं मान डोलावली आणि म्हणाला की शिव्या खायला मी स्वतः येईन, पोटभर द्या.

अंगठे उठले, सह्या झाल्या. दुसऱ्या कुठल्या गावानं कागद मागितला असता, वकील आणला असता. आम्ही एका छत्रीवर विश्वास ठेवला.

हायवे झाला. पूल झाला, दोन्ही बाजूंना बोगदे झाले, फोटो निघाले, ढगांच्या वर पूल म्हणून ते फोटो देशभर फिरले. टोलनाका एकोणीस किलोमीटर पुढे गेला. जोडरस्ता झालाच नाही, आराखडा बदलला म्हणे. आणि बांधकामाच्या अवजड ट्रकांनी आमचा चौसष्ट वळणांचा रस्ता खाऊन टाकला. पहिल्याच पावसाळ्यात अठ्ठावीस ते एकतीस ही वळणं दरीत गेली. ती कोणी परत बांधली नाहीत, कारण कागदावर तो रस्ता आता रद्द. माझा मार्गही बदलला. डेपोच्या फळ्यावर नवीन वेळापत्रक लागलं, त्यात यिंगयान नव्हतं. मी मॅनेजरला विचारलं, अहो, ती माणसं कुठून चढणार. तो म्हणाला, त्यांना हायवे मिळालाय की.

आणि त्याच हिवाळ्यात थ्येन काकाची किडनी गेली.

आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, तालुक्याच्या हॉस्पिटलात. मंगळ, गुरू, शनी. जुना रस्ता असता तर मी त्याला दारातून उचलून नेला असता. आता काय करायचं, तर शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये काका, मागे त्याला धरून मावशी, अशा तिघांनी डोंगराच्या माथ्यावरून पायवाटेनं पलीकडच्या गावात उतरायचं. दोन तास. तिथून दुसरी गाडी, आणखी दीड तास. चार तास मशीनवर पडायचं आणि तेवढंच परत. डायलिसिस झालेल्या माणसाला धड बसवत नाही हो. काका दोनदा मोटारसायकलवरून पडला. धुकं असलं की जाणंच रद्द. तिनाचे दोन झाले, दोनाचं एक झालं. काकाचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले, आणि तरी तो हसायचा.

हे सगळं होत असताना मावशीच्या घरापासून पायी चौदा मिनिटांवर काय होतं ठाऊक आहे? पुलाच्या कडेला दुरुस्तीवाल्यांसाठी लोखंडी जिना आणि जिन्यावर फाटक. पुलाच्या दोन्ही अंगांना एकेक. फाटकापाशी रस्ता थोडा रुंद आहे, बस बाजूला घेता येते. मी सकाळी सात दहाला तिथून जातो आणि संध्याकाळी चार चाळीसला परत येतो. एक मिनिट थांबलो असतो तर काका पाऊण तासात मशीनवर असता. मध्ये फक्त एक कुलूप होतं.

मावशीनं अर्ज केला. हायवे कंपनी म्हणाली, वाहतूक पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाले, रस्ते खात्याला विचारा. रस्ते खातं म्हणालं, सुरक्षेचा प्रश्न आहे, कंपनीला विचारा. शेवटी ती फंगच्या ऑफिसात जाऊन बसली. तो आता बढती मिळून मोठा साहेब झाला होता. त्यानं तिला चहा दिला, मावशी-मावशी केलं, आणि माझ्या हातात काही नाही म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. ती मला हे तालुक्याच्या डेपोत सांगत होती तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, तिथेच घालायच्या होत्यास शिव्या. ती म्हणाली, ऑफिसात घातलेल्या शिव्या मोजत नाहीत.

गेल्या शरदात हायवेला वर्ष झालं. पुढच्या विश्रांतिस्थळावर मोठा समारंभ ठरला. पर्यटनवाल्यांना तुजिया लग्नातलं रडणं स्टेजवर हवं होतं. तालुक्यात ते खरं येणारी माणसं दोन-तीनच राहिलीत, म्हणून बोलावणं मावशीला. नवरी म्हणून नाच मंडळातली एक पोरगी बसणार, तिनं नुसते ओठ हलवायचे, मागून आवाज मावशीचा. आणि कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की मध्यस्थ म्हणून खुद्द फंग साहेबांनी उभं राहावं. साहेब लोकांमध्ये मिसळतात असा फोटो निघेल. फंग लगेच तयार झाला. का होणार नाही? मी तर म्हणतो त्यानंच सुचवलं असेल. एकदाच्या शिव्या खाऊन टाकल्या की सुंठेवाचून खोकला गेला, त्याची थाप धुतली गेली, आणि वर टाळ्या.

मावशी हो म्हणाली. गावात आनंदीआनंद झाला. आता ती त्याची सालं काढणार, माइकवर काढणार, सगळ्या तालुक्यासमोर. लोकांनी तिला शिव्या सुचवायला सुरुवात केली. मीही दोन सुचवल्या, इथे सांगण्यासारख्या नाहीत. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बघू.

समारंभ शनिवारी होता. कलाकारांना न्यायला बस माझीच. आणि कलाकारांसाठी काय झालं असेल? फाटक उघडलं. दोन पोलीस, चार नारिंगी शंकू, एक शिट्टी, आणि बस पुलावर सहा मिनिटं उभी राहिली. कोणी मेलं नाही, पूल पडला नाही. वर्षभर ज्या कुलपाला तीन ऑफिसांची परवानगी मिळत नव्हती ते गाणं-बजावणं म्हटल्यावर चुटकीसरशी निघालं. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली, हॉर्न वाजला, पोलीस माझ्याकडे बघायला लागले.

जिना चढून मावशी आली ती काकाला धरूनच. शनिवार होता ना. यादीवाला बाबू म्हणाला, यांचं नाव यादीत नाही. मावशीनं कुणाच्या तरी हातातली झांज घेतली, काकाच्या हातात कोंबली आणि म्हणाली, हा माझा झांजवाला, याच्याशिवाय मला रडू येत नाही. बाबूनं काकाच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि यादी मिटली. तालुक्याच्या गावात मी डिझेल भरायचं निमित्त काढून हायवे सोडला आणि काकाला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. तो झांज घेऊनच आत गेला. पन्नास मिनिटांत पुलावरून मशीनवर. वर्षभरात पहिल्यांदा.

समारंभाला हजारभर माणसं होती. पुढच्या रांगेत साहेब लोक, बाहेरगावचे पाहुणे, आणि फंगची ऐंशीच्या पुढची आई, काळं फडकं गुंडाळून, मुलाचा मान बघायला आलेली. मागे आमची माणसं. मी बस लावून स्टेजच्या बाजूला उभा राहिलो.

मावशीनं सुरुवात केली आणि गर्दी शांत झाली. आईसाठी रडली. बापासाठी रडली. भावांसाठी रडली. त्या नाच मंडळातल्या पोरीच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं, ओठ हलवायचं ती विसरली. मग फंग पुढे आला. काखेत लाल छत्री, चेहऱ्यावर हसू. मान खाली घालून उभा राहिला. मागे आमची माणसं टाचा उंचावून बघायला लागली.

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. चांगलं एक घोट पाणी पिण्याइतका वेळ बघितलं. आणि त्याला ओलांडून त्यापुढच्या, वहिनीसाठीच्या रडण्याला सुरुवात केली.

पाहुण्यांना काही कळलं नाही. ते मोबाइलवर शूटिंग करत राहिले. पण मागची आमची सगळी माणसं गार पडली. असं कधी कोणी बघितलं नव्हतं. फंगचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि रंग उतरत गेला. वहिनीचं रडणं संपलं तसा तो मावशीकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "मावशी, माझं राहिलं."

मावशीच्या गळ्यात माइक होता. हळू बोललेलंही सगळीकडे गेलं.

"फंग साहेब, ज्यानं लग्न लावून दिलं त्याला शिव्या देतात. तुमचं स्थळ अजून आमच्या दारात आलेलंच नाही. तुम्हाला कशाबद्दल देऊ?"

पाहुण्यांना वाटलं विनोद आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. फंगची आई मात्र काठी टेकत उठली. तिला स्टेजवर कोणी चढू देईना, तर ती खालूनच हात वर करून उभी राहिली. मावशी कडेला येऊन वाकली तेव्हा म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरले. म्हणाली, दे गं बाई त्याला दोन, माझ्या घरात नातवंडं आहेत. मावशीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "अक्का, तुमच्याशी माझं भांडण नाही. तो रस्ता करू दे. मग घसा बसेपर्यंत देईन."

मला तेव्हा कळलं की आम्ही सगळ्यांनी सुचवलेल्या शिव्या किती स्वस्त होत्या.

चौथ्या दिवशी फंग स्वतः फाटकाची किल्ली घेऊन गावात आला. सोबत शिक्क्याचा कागद. रुग्ण थ्येन क्वांगचाय यांच्यासाठी विशेष बाब म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार, जाता-येता एकेक मिनिट. त्यानं किल्ली मावशीच्या हातात दिली आणि अंगणात मान खाली घालून उभा राहिला. तिनं त्याला बसायला स्टूल दिलं, तेलातला चहा दिला, कागद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, एका माणसासाठी एक कुलूप उघडलंत, चांगलं केलंत, ते चार किलोमीटर कुठे आहेत? फंग चहा अर्धा टाकून गेला.

त्यानंतरचे पाच महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. सात दहाला मी बस कडेला घ्यायचो, काका जिन्यावर वाट बघत बसलेला असायचा. माझ्या मागचीच सीट त्याची. पण डॉक्टरांनी मावशीला खरं काय ते आधीच सांगितलं होतं. वर्षभर आठवड्यातून एकदाच मशीन मिळाल्यानं हृदय पार खिळखिळं झालं होतं, ते आता भरून येणार नव्हतं. चहाच्या पहिल्या खुडणीच्या दिवसांत काका अंगणात बसल्या बसल्या गेला. दोन बोटं नसलेला हात मांडीवर तसाच होता, मावशी म्हणाली.

मी त्याला मरण आलं असं म्हणणार नाही. त्याला एका कुलपानं मारलं, आणि तीन ऑफिसांनी मिळून मारलं. कोणावर गुन्हा नाही, कोणाला झोप न येण्याचं कारण नाही.

मर्तिकाला फंगही आला. रीतीप्रमाणे शवपेटीसमोर गुडघे टेकले. रीतीप्रमाणे मावशीनं त्याला उठवलं आणि जेवायला वाढलं. त्याला अजून शिव्या मिळालेल्या नाहीत. त्याची आई आता कोणाच्या लग्नाला जात नाही असं ऐकतो.

पाचव्या दिवशी मला डेपोतून फोन आला. रुग्ण मयत झाल्यामुळे थांबा रद्द. त्याच दिवशी कंपनीचा माणूस मावशीकडे किल्ली मागायला गेला. मावशी म्हणाली, किल्ली त्याच्या पेटीत ठेवली, हवी असेल तर खणा. तो माणूस परत गेला. नवं कुलूप येईल, येईल म्हणत आठवडा गेला.

काल मंगळवार होता. बोगद्यातून बाहेर पडलो आणि बघतो तर फाटक सताड उघडं, आणि पेटीत ठेवली म्हणत होती ती किल्ली कुलपात. मावशी जिन्यावर उभी, काळ्या कपड्यांत, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून शेजारच्या थ्येनांची सून. आठवा महिना भरत आलेला, तोंड सुजलेलं, हातात हॉस्पिटलची फाइल. मला कोणाची परवानगी नव्हती. माझ्या डोक्यावरच्या खांबावर कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा मला स्पष्ट दिसत होता.

मी बस कडेला घेतली आणि दार उघडलं. मावशीनं त्या मुलीला पहिल्या पायरीवर चढवलं आणि मग माझ्याकडे वर बघितलं.

"थान, तुला दंड होईल ना?"

मी म्हणालो, होईल, लायसन्सही जाईल बहुतेक.

"मग तिला सावकाश चढू दे," मावशी म्हणाली.

मी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.